अकरा वाजताचा डॉक्टर

१

माझा कारखाना विकला गेला तेव्हा मी पलंगावर बसून पायात लोकरीचे मोजे चढवत होते.

मंगळवारची दुपार होती. तीन वाजता मला प्रॉव्हिडन्सला डॉक्टरकडे पोहोचायचं होतं आणि माझी भाची नतेर्सिया गाडी घेऊन येणार होती. तिच्याऐवजी दार ढकलून माझा मुलगा अल्बानू आत आला. साठीला टेकलेला माणूस, टोपी हातात, चेहरा पांढराफटक.

"माई, बरी आहेस ना तू? काय होतंय? कुठला डॉक्टर? मला कुणी काही सांगत कसं नाही?"

"मेले नाहीये अजून. आधी बूट पूस."

बूट न पुसताच तो खुर्चीत बसला. "मग बैठकीला का नाही आलीस?"

"कसली बैठक?"

त्याने खिशातून फोन काढून माझ्या नाकासमोर धरला. अक्षरं मला दिसेनात, पण ते त्याला कशाला सांगू? "वाच," म्हटलं, "चष्मा आत आहे."

त्याने वाचलं. आजची बैठक, सकाळी अकरा, कारखान्याचं ऑफिस. विषय, विक्री. बोलावलेली माणसं तीन. अल्बानू, येणार. त्याची बहीण डिओलिंडा, येणार. लिओकादिया रेझेंडिस, म्हणजे मी, येणार नाही. आणि माझ्या नकाराखाली आमच्या पोर्तुगीजमध्ये एक ओळ होती: सकाळी अकराला डॉक्टरकडे जायचं आहे.

"हे मी पाठवलेलं नाही."

"तुझ्याच नावाने आलंय, माई."

"नाव माझं असेल. बोट माझं नाही."

माझा नवरा ऑगुश्तू जाण्यापूर्वी एक नियम करून गेला होता. कारखान्याच्या मोठ्या निर्णयाला तीन खुर्च्या: माझी, मुलाची, मुलीची. जो बोलावणं मिळूनही येत नाही म्हणून कळवेल, त्याचं मत धरायचं नाही. मतं सारखी पडली तर बसलेल्यांत वयाने मोठा असेल तो ठरवणार. ऑगुश्तूला वाटलं होतं, वयाने मोठी नेहमी मीच असणार. बिचाऱ्याने ईमेल पाहिली नव्हती.

अल्बानूला विकायचं होतं. डिओलिंडा विरोधात होती. मी असते तर दोघी विरुद्ध एक. मी नव्हते, म्हणून एकास एक, आणि मोठा अल्बानू. संपलं. घेणारी कंपनी ओहायोची. त्यांना आमच्या सॉसेजवरचं नाव हवं होतं, ती टांगून धुरी द्यायची धुराची खोली नको होती. माझ्या शेजारी उभ्या राहून ज्यांनी लसूण आणि लाल मिरची लावलेल्या मांसाने आतडी भरली, त्या बायका तर अजिबात नको होत्या. शुक्रवारी दुपारी सह्या ठरल्या होत्या.

मी वकिलाला फोन लावला. तो गुळगुळीत बोलणारा माणूस आहे. "मिसेस रेझेंडिस, नकार तुम्ही दिला नाही एवढं म्हणून चालणार नाही. तो कुणी दिला त्याचं नाव आणा. सह्यांच्या आधी आणलंत तर बैठकच रद्द होईल."

"आणि नंतर आणलं तर?"

"नंतर नुसतं नाव उरेल."

संध्याकाळी डिओलिंडा आली ती फणफणतच. कारखान्याचे हिशेब तीच बघते, बावन्न वर्षांची आहे, लग्न केलं नाही. तिने कोट काढला, केलची हिरवी पानं घातलेलं बटाट्याचं सूप गरम केलं आणि माझ्यासमोर ठेवलं. टेबलावर लख्ख उजेड होता. तो बल्बही तिनेच रविवारी जेवायला आली तेव्हा बदलला होता. "माई, किती अंधार करून बसतेस!" म्हणत ती स्टूलवर चढली होती आणि मी खालून स्टूल धरलं होतं.

"मी नाही म्हटलं, माई," ती म्हणाली. "हात वर करून म्हटलं. अल्बानू हसला माझ्यावर."

मी तिचा हात थोपटला. "जाऊ दे. माझ्या पोटचं एक तरी माझं आहे."

तिने मान खाली घातली. मला वाटलं, रडू आवरते आहे.

२

माझं टपाल नतेर्सिया बघते. माझ्या बहिणीची मुलगी, मला तिया म्हणते. ईमेल आली की वाचून दाखवते, बोलावणं आलं की विचारते, "तिया, जायचं का?" मी हो म्हटलं की हो दाबते, नाही म्हटलं की नाही. म्हणजे माझ्या नावाने नकार द्यायची रोजची सवय असलेलं बोट या जगात एकच होतं.

बुधवारी सकाळी मी तिला समोर बसवलं. तिने कॉफी घेतली, पण पिईना.

"तिया, असं बघू नकोस माझ्याकडे. मी तर टोरांटोला होते! पाओलाच्या बाळाचा बाप्तिस्मा होता, मी धर्ममाता. शुक्रवारी गेले, सोमवारी आले."

"फोन घेऊन गेली होतीस ना?"

"फोनवर काही येतच नव्हतं. शनिवारी जुनी सिस्टिम बंद केली आणि सगळ्यांचं टपाल, कॅलेंडर उचलून नव्या सिस्टिमवर न्यायला लागले. मी सोमवारी परत आल्यावर त्या ट्रेवरने मला आत घेतलं."

"आणि अल्बानूचं बोलावणं?"

"त्याने ते शुक्रवारी संध्याकाळी पाठवलं, मी विमानात होते तेव्हा. सोमवारी तुझं कॅलेंडर उघडलं तर मंगळवारी फक्त डॉक्टर होता. बैठक नव्हतीच. एकदा नाही म्हटलं की ती बैठक कॅलेंडरवरून पुसली जाते, तिया. मला दिसणार कुठून?"

लोक कुजबुजत होते की ओहायोवाल्यांनी नतेर्सियाला नोकरीवर ठेवायचं कबूल केलंय. मी ते तिच्या तोंडावर फेकलं.

"हो, विचारलं त्यांनी," ती लाल होत म्हणाली. "मी म्हटलं, मला ओहायो नकाशावर दाखवता येत नाही. तिया, तूच सांग, मी लिहिलं असतं तर अकरा कशाला लिहिलं असतं? लाशान्स डॉक्टरची वेळ मीच घेतली. तीनची. मीच गाडी चालवणार होते. अकरा आलं कुठून?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात खिळ्यासारखा बसला. डॉक्टर लाशान्स डोळ्यांचा. माझ्या डोळ्यांच्या मध्ये धुकं साठत चाललंय हे मी फक्त नतेर्सियाला सांगितलं होतं. मुलांना कळलं असतं तर मुलगा म्हणाला असता, घरी बस, आणि मुलगी म्हणाली असती, जिने चढू नकोस. मला दोन्ही नको होतं.

म्हणजे नकार देणाऱ्याला मी डॉक्टरकडे जाणार हे माहीत होतं. पण कधी जाणार ते चुकीचं माहीत होतं.

३

टपाल हलवायला अल्बानूने जो माणूस आणला होता तो ट्रेवर पेल्की. टॉन्टनचा, दाढीवाला, सदा कॉफीचा कागदी पेला हातात. सगळ्यांच्या टपालाच्या पेट्यांच्या किल्ल्या त्या दोन दिवसांत त्याच्याकडे होत्या. मी काठी टेकत कारखान्यात गेले आणि त्याला धुराच्या खोलीबाहेरच गाठलं. तिथे नव्या माणसाचे डोळे चुरचुरतात. चुरचुरणाऱ्या डोळ्यांचा माणूस लवकर बोलतो.

"अल्बानूने तुला किती वर दिले?"

"मिसेस रेझेंडिस, ठरलेलेसुद्धा अजून दिलेले नाहीत."

"मग नकार तू दिला नाहीस?"

"मला पोर्तुगीजमध्ये कॉफीसुद्धा मागता येत नाही. ती ओळ मी कशी लिहिणार?"

हे खरं होतं. दोन दिवस तो आमच्या बायकांना 'ओब्रिगादू', म्हणजे आभार, याच्या जागी काहीतरी भलतंच म्हणत होता आणि त्या पोट धरून हसत होत्या.

"नकार जुन्या सिस्टिमवर दिला का नव्या?"

"नव्या. त्याची खात्री आहे. हे घर हलवण्यासारखं असतं. बोलावणी सगळी आली, पण त्यांना कुणी हो म्हटलं, कुणी नाही, ते वाटेत गळून पडलं. सगळे कोरे. तुमच्या मुलाने, मुलीने, सगळ्यांनी पुन्हा उत्तरं दिली. तुमचा नकार दिसतोय, म्हणजे तो शनिवारच्या नंतर दिलाय."

"आणि अकरा? माझा डॉक्टर तीनला आहे."

ट्रेवरने पेला खिडकीत ठेवला. "अरे देवा. तुमचं कॅलेंडर! एकट्या तुमच्या कॅलेंडरवर सगळ्या वेळा चार तास मागे सरकल्या होत्या. तुमच्या भाचीच्या कॉम्प्युटरचं घड्याळ कुठल्या वेळेवर लावलंय माहीत आहे?"

मला माहीत होतं. आमच्यातल्या निम्म्या घरांत एक घड्याळ आम्ही सोडून आलेल्या पोर्तुगीज बेटाच्या, साऊं मिगेलच्या वेळेवर असतं, आई-मावश्यांना फोन करायला. माझ्या बहिणीला औषधाची आठवण करून द्यायची म्हणून नतेर्सियाने कॉम्प्युटरच बेटाच्या वेळेवर ठेवला होता. कुणाला तरी सांगावं असं तिला कधी वाटलं नाही. साऊं मिगेलवर तीन वाजतात तेव्हा इथे फॉल रिव्हरला अकरा.

"जुनी सिस्टिम बावळट होती," ट्रेवर म्हणाला. "तीन लिहिलं, तीन दाखवलं. नवी विचारते, कुठले तीन? कॉम्प्युटर म्हणाला, बेटावरचे. मग तिने ते इथले अकरा केले."

"तुझ्या कधी लक्षात आलं?"

"रविवारी संध्याकाळी. तुमची नऊची चर्चची प्रार्थना पहाटे पाचला दिसत होती. मी आजीबरोबर चर्चमध्ये वाढलोय, पाचला पाद्रीसुद्धा उठत नाही. मी सगळं चार तास पुढे ढकललं. सोमवारपासून डॉक्टर तीनलाच आहे."

मी भिंतीला टेकले. म्हणजे अकरा हा आकडा जगात फक्त शनिवारपासून रविवार संध्याकाळपर्यंत होता. तेवढ्यात ज्याने माझं कॅलेंडर उघडून पाहिलं, त्यानेच तो उचलला.

"कुठल्या यंत्रावरून नकार गेला ते शोधता येईल?"

"येईल. उद्या सकाळपर्यंत."

"शोध. आणि अल्बानूला सांगितलंस तर तुला या खोलीत टांगून ठेवीन. हिवाळाभर टिकशील."

४

अल्बानू ऑफिसात बसला होता, बापाच्या खुर्चीत. खुर्ची त्याला मोठी होते.

"आलीस? चोर पकडायला?"

"चोर बसलेला दिसतोय, पण पुरावा उद्या येणार आहे."

"माई, मी विकलं. हो, विकलं. धुराच्या खोलीची भिंत कलतेय, गिऱ्हाईक म्हातारं होतंय, आणि तू अजून मिरची स्वतः चाखतेस. पण मी विकायचंय असं तुझ्या टेबलावर, सगळ्यांसमोर, तू मला गाढव म्हणत असताना म्हटलं की नाही?"

"म्हटलंस."

"मग मला लपून नाही दाबायची काय गरज?"

"गरज होती. मी आले असते तर तू हरला असतास."

"हरलो असतो," तो म्हणाला. "दर वर्षी हरतो. पुढच्या वर्षी परत म्हटलं असतं. मी तुझाच मुलगा आहे, दुसऱ्या कुणाचा नाही."

"शुक्रवारी संध्याकाळी बोलावणं पाठवलंस. टपाल बंद व्हायच्या तोंडावर. हा योगायोग?"

त्याने खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाला, "तो हलकटपणा होता. वाटलं, सोमवारी उशिरा बघशील, तयारीला वेळ मिळणार नाही, वकील मिळणार नाही. पण तू येशीलच असं धरून चाललो होतो. बैठकीला बसल्यावर तुझा नकार पाहिला आणि मी घाबरलो, माई. तू डॉक्टरचं नाव काढत नाहीस. तू स्वतःचा दात दोऱ्याने काढलेला मी पाहिलाय. बैठक संपताक्षणी मी तुझ्याकडेच पळत आलो की नाही?"

आला होता. बूट न पुसता.

गुरुवारी सकाळी ट्रेवरचा फोन आला. आवाज दबका होता.

"मिसेस रेझेंडिस, नकार रविवारी सकाळी गेलाय. नतेर्सियाच्या कॉम्प्युटरवरून."

५

मी फोन ठेवला आणि टेबलाशी बसले.

रविवारी सकाळी नतेर्सिया टोरांटोत होती, हातात ओलं बाळ घेऊन. तिने मला फोटो दाखवला होता, मला फक्त पांढरा ठिपका दिसला तरी. तिचं यंत्र मात्र कारखान्यात, हिशेबाच्या खोलीत होतं. जुनं आणि नवं कॅलेंडर शेजारी ठेवून ताडायला ट्रेवरने ते उघडं ठेवलं होतं, तेही माझ्या टपालाच्या पेटीत शिरून. कारखान्याची किल्ली तिघांकडे. माझ्याकडे, अल्बानूकडे, डिओलिंडाकडे.

अल्बानू रविवारी सकाळी माझ्या शेजारी चर्चच्या बाकावर घोरत होता. मी त्याला दोनदा कोपर मारलं. तिथून तो सरळ माझ्याबरोबर घरी आला आणि कांदे चिरायला बसला.

मी उठून कॉफी टाकली. ती उतू गेली, गेली तर गेली. वर तो बल्ब जळत होता, दिवसासुद्धा. कपातली साखर वेगळी दिसत होती. टेबलाच्या लाकडातल्या रेषा दिसत होत्या. किती महिन्यांनी दिसल्या.

आणि मी तशीच उभी राहिले.

या स्वयंपाकघरात अंधार ऑगुश्तूच्या काळापासून आहे. डिओलिंडा दर रविवारी या अंधारात जेवते. मुलीला तो अंधार त्याच एका रविवारी कसा दिसला?

मी ट्रेवरला परत फोन लावला.

"रविवारी सकाळी माझी मुलगी तुला काय म्हणाली?"

"ती? हो, ती आली होती, हिशेबाचं टपाल नीट आलंय का बघायला. मीच म्हटलं, भाची नाहीये, तर आईचं कॅलेंडरही बघून घ्या, वेळा जमतात का. मी कॉफी आणायला गेलो. परत आलो तर ती कोट घालत होती. म्हणाली, सगळं बरोबर आहे."

"सगळं बरोबर होतं का?"

"नाही," ट्रेवर म्हणाला. "एकही वेळ बरोबर नव्हती."

६

गुरुवारी संध्याकाळी मी सगळ्यांना जेवायला बोलावलं. माझ्या घरी जेवताना फोन पावाच्या टोपलीत जातात, वर फडकं. अल्बानूने टाकला, नतेर्सियाने टाकला, डिओलिंडाने टाकला. मी मीठ लावलेला मासा बटाट्यांबरोबर भाजला होता. कुणी चव घेतली नाही.

"तिया, लाशान्स डॉक्टरने उद्याची वेळ दिलीय," नतेर्सिया म्हणाली. "तीनचीच. मंगळवारची या भानगडीत चुकली ना."

"कोण लाशान्स?" अल्बानूने विचारलं.

 डिओलिंडाने मात्र विचारलं नाही. मी तिच्याकडे वळले.

"डिओलिंडा, हा बल्ब कुठून आणलास?"

"दुकानातून. का?"

"का आणलास?"

"अंधार होता, माई."

"अंधार तुझा बाप असल्यापासून आहे. तुला तो परवाच्या रविवारी दिसला. सकाळी कारखान्यात जाऊन आल्यावर."

तिने काटा खाली ठेवला.

मी एकेक करून मांडलं. नकार नव्या सिस्टिमवर दिलेला, म्हणजे शनिवारनंतर. त्यात अकरा लिहिलेले, म्हणजे ट्रेवरने वेळा सरळ करायच्या आधी. आमच्या भाषेत लिहिलेला, म्हणजे ट्रेवर नाही. नतेर्सियाला तीन माहीत होते आणि ती दुसऱ्या देशात होती. अल्बानू माझ्या खांद्यावर घोरत होता. "आणि कॅलेंडरवर नतेर्सियाने लिहून ठेवलं होतं, डॉक्टर लाशान्स, डोळे. ते जिने वाचलं, ती वाटेत दुकानात थांबली आणि आईसाठी उजेड घेऊन आली."

"पण ती तर विरोधात बोलली!" अल्बानू ओरडला. "माई, तिने माझ्याविरुद्ध हात वर केला!"

"केला ना. मी नसताना तिच्या हाताने काही बिघडणार नव्हतं. विकणार तू, शिव्या खाणार तू, आणि माझं माणूस म्हणून सूप गरम करणार ही."

डिओलिंडा रडली नाही. मला वाटलं होतं रडेल.

"मला बाहेर पडायचं होतं," ती म्हणाली. "शाळा सुटल्यापासून त्या धुराच्या खोलीच्या डोक्यावर बसून हिशेब करते आहे. उशीला धुराचा वास येतो. बसमध्ये बायका सरकून बसतात. विकलं असतं तर माझ्या वाट्यात एक छोटं घर आलं असतं, कुठेतरी गरम हवेत."

"मग मागायचं होतंस."

"मागितलं असतं तर दिलं असतंस?"

"नाही," मी म्हटलं. खोटं मी बोलत नाही.

"बघ." ती हसली, तेही कडू. "अल्बानू तुझ्या तोंडावर बोलतो आणि दर रविवारी गाढव होऊन घरी जातो. मला तेवढं बळ नाही. बोट दाबायला पुरेल एवढंच होतं. आणि माई, तुझे डोळे चाललेत. तू नतेर्सियाला सांगितलंस. मला नाही. त्या पडद्यावर वाचलं मी, परक्यासारखं. मला वाटलं, विकलं गेलं की निदान ही त्या जिन्यावरून पडून मरणार नाही."

"म्हणून मला दिवा दिलास आणि कारखाना घेतलास."

"हो," ती म्हणाली.

तिने टोपलीवरचं फडकं उचललं, आपला फोन घेतला आणि गेली. फडकं घडी करून ठेवलं. तेवढं वळण मीच लावलंय.

अल्बानू हळूच म्हणाला, "माई, वकिलाला नाव सांगशील? सांगितलंस तर हे गावभर होईल. नाही सांगितलंस तर उद्या सह्या होतील. तूच ठरव."

मी नतेर्सियाला नंबर लावायला सांगितला. वकिलाने फोन उचलला. मी माझ्या मुलीचं नाव सांगितलं, आणि त्याने नीट ऐकलं का याची खात्री करायला आणखी एकदा सांगितलं.

शुक्रवारी सकाळी नवी बैठक लागली. बोलावणं मी स्वतः पाठवलं. नतेर्सियाने फक्त बटण कुठे आहे ते दाखवलं, दाबलं मी. अल्बानूचं उत्तर लगेच आलं: येणार. डिओलिंडाचं आम्ही कारखान्याच्या दारात पोहोचलो तेव्हा आलं.

"तिया, नाही म्हणतेय ती," नतेर्सिया म्हणाली. "खाली एक ओळ आहे. वाचू?"

"वाच."

"डॉक्टर तीनला आहे. या वेळी चुकवू नकोस."

जिना मी एकटीने चढले. अल्बानूने विकायच्या बाजूने हात वर केला, माझ्याकडे बघत, न हसता. मी विरोधात केला. एकास एक, आणि बसलेल्यांत मोठी मी. ओहायोवाल्यांना फोन अल्बानूनेच केला. खाली बायकांना कळलं तेव्हा कुणीतरी परात वाजवली. मी हिशेबाच्या खोलीत गेले. खुर्चीच्या पाठीवर डिओलिंडाचा स्वेटर होता. धुराचा वास येत होता, खरंच येत होता.

तीनला मी डॉक्टरकडे गेले. लाशान्सने दिवे मारून पाहिलं आणि म्हणाला, आणखी लवकर यायला हवं होतं.

डिओलिंडा आता ॲरिझोनात असते, फक्त नतेर्सियाशी बोलते. रविवारच्या जेवणाचं बोलावणं त्या नव्या सिस्टिमवर आपोआप जातं, दर आठवड्याला, तिलाही. नतेर्सिया म्हणाली, "तिया, काढून टाकू का तिचं नाव?" मी म्हटलं, तुला कुणी विचारलं? उत्तर येत नाही. नकारसुद्धा येत नाही.

परवा तो बल्ब गेला. अल्बानू खिशात नवा घेऊन आला, स्टूल ओढू लागला. मी त्याला म्हटलं, ठेव ते जागेवर. तुझं वजन किती, आणि खालून धरणार कोण? मला आता उजेडातही दिसत नाही, आणि जिला इथला अंधार दिसला ती इथे नाही. मीठ कुठे आहे, सुरी कुठे आहे, मला ठाऊक आहे. बस, कांदे चीर.